आडमाळच्या गोधडीचा उघडा कोपरा

आडमाळात पाहुण्याला आधी पाणी देत नाहीत, आधी सुई देतात. तुम्हाला दिली तशी. तुम्ही चौघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलात, ते मी पाहिले. भर उन्हात एवढा चढ चढून आलेल्या माणसाच्या हातात कोणी सुई-दोरा ठेवला आणि चार टाके घाला म्हटले, तर त्याला राग येणारच. मागे एक साहेब आले होते, त्यांनी सरळ विचारले की या गावात माणुसकी आहे की नाही. आहे म्हटले, चार टाके घाला, मग दिसेल. घातले बिचाऱ्यांनी. जाताना गूळ मागून नेला.

मला इथे सगळे बाई म्हणतात. नाव गोजरा, पण ते आता कोणाच्या लक्षात नाही. इथल्या शाळेत तेहतीस वर्षे शिकवले, त्यामुळे बोलण्यात थोडी मास्तरकी येते, ती सांभाळून घ्या. आणि तुम्ही, टोपीवाले, टाका एवढा लांब घालू नका. तांदळाएवढा असावा.

चावडीच्या ओसरीवर पसरली आहे ती ही गोधडी. या खांबापासून त्या खांबापर्यंत पुरते आणि तरी कडेला दुमडावी लागते. हिच्यात लुगडी आहेत, धोतरे आहेत, फेटे आहेत, माझ्या शाळेतल्या मुलांचे खाकी गणवेश आहेत. अलीकडे जीनचे तुकडे आलेत. त्यांतून सुई जाता जात नाही, पण लोक हौसेने देतात, नाही कसे म्हणायचे? तीन कोपरे पक्के शिवलेले आहेत. हा चौथा मात्र उघडा आहे. आतले थर दिसतात, बघा. तिथे एक सुई टोचून ठेवलेली असते आणि तिच्यात दोरा ओवलेला असतो. तो कोपरा शिवायचा नाही. का नाही, ते ऐका.

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते विचारू नका, आमच्याकडे 'फार' म्हणजे फार. कार्तिकातल्या एका दुपारी या मागच्या टेकडीवर एक मोठी कणगी येऊन टेकली, असे सांगतात. कणगी म्हणजे धान्य साठवायची, कामट्यांची आणि शेणाने लिंपलेली. ती वस्तू काय होती ते देव जाणे, पण आमच्या लोकांना तेवढी मोठी आणि गोल अशी कणगीच माहीत होती, म्हणून कणगी. तिच्यातून एकोणीस जण उतरले. माणसेच म्हणायची, कारण दुसरा शब्द गावाजवळ नव्हता. उंच, राखेच्या रंगाची, मोठ्या डोळ्यांची. त्यांच्या तळहातावर एकही रेघ नव्हती म्हणे. नव्या पाटीसारखे स्वच्छ तळहात.

गाव जमले. भीती वाटली असेलच, पण आमच्या गावाची खोड अशी की भीती वाटली तरी आधी विचारायचे, कुठले पाव्हणं? त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने वर बोट केले. झाले, तेव्हापासून ते आभाळकर. त्या म्हाताऱ्याचे नाव ओराम. तो त्यांचा मुख्य.

आता ठकूबद्दल सांगते, कारण गोष्ट तिची आहे. ठकू गावातली विधवा बाई. मूलबाळ नाही. नवरा गेल्यावर दीड एकराचे रान तिने एकटीने कसले, भिंत पडली तर एकटीने रचली, आणि कोणाकडे कधी काही मागितले नाही. उसने मीठसुद्धा नाही. द्यायला मात्र सदा पुढे. ठकूच्या दारावरून कोणी उपाशी गेला असे कधी झाले नाही. तोच तिचा मान आणि तेवढीच तिची हौस. तेव्हा टेकडीवर पाहुणे आलेत म्हटल्यावर कळशी आणि गूळ घेऊन पहिली कोण चढली असेल, ते सांगायला नको.

आभाळकर तहानेने व्याकूळ होते. नको म्हणायला त्यांच्याजवळ शब्द नव्हते आणि धीरही नव्हता. ते पाणी प्यायले. मग ओरामने एक दगड उचलला आणि कणगीच्या अंगावर एक उभी रेघ ओढली. गावाला वाटले, ही त्यांची आभार मानायची रीत असेल.

ते टेकडीवर निवारा बांधू लागले. त्यांचे काम पाहायला गावातली सारी माणसे जायची, इतके ते वाईट होते. दगड कसा धरायचा हेच त्यांना ठाऊक नव्हते. दिवसभर रचलेली भिंत संध्याकाळी कोसळायची आणि सकाळी ते पुन्हा सुरुवात करायचे. आठ दिवसांत भिंत गुडघ्याला लागेना. पण एक होते, हाती घेतलेले काम त्यांनी कधी अर्धवट टाकले नाही. बोटे सुजली तरी नाही. शेवटी आमच्या गड्यांना ते पाहवले नाही. आभाळकर ओढ्यावर पाण्याला गेलेले पाहून वीस-पंचवीस जण टेकडीवर चढले आणि ते परत येईतो चार भिंती उभ्या करून वर गवत शाकारून मोकळे झाले. आता पाव्हणं खूश हुतील म्हणून कडेला बसून राहिले.

पाव्हणे आले, त्यांनी घर पाहिले, आणि त्यांच्या बायका रडू लागल्या. ओरामने कणगीवर दुसरी रेघ ओढली. गावाला वाटले, आनंदाने रडतात. आमचे लोक भोळे, दुसऱ्याच्या रडण्याचा चांगलाच अर्थ काढतात.

महिना-दीड महिन्यात आभाळकरांना आपली भाषा आली. त्यांच्यातली इल्वा नावाची तरणी बाई ठकूकडे येऊन बसू लागली. तिने ठकूला सगळे सांगितले, आणि ठकूने गावाला.

ते ज्या जगातून आले, तिथे म्हणे कोणाला काही करावे लागत नसे. भूक लागायच्या आधी घास पुढे यायचा. अंथरूण स्वतःच स्वतःला झटकायचे. लेकरू रडायला तोंड उघडायचे तोच हवे ते हजर, त्यामुळे तिथली मुले रडायलाही विसरली. ऐकताना आपल्याला वाटते, काय सुख! गावातल्या बायकांनाही तेच वाटले. एकीने तर तिकडे जायची वाट विचारली, असे सांगतात. पण इल्वा पुढे म्हणाली की अशी कित्येक पिढ्या गेल्यावर त्या लोकांना कशातच रस उरला नाही. गाणी नको, नाच नको, एकमेकांची सोबतही नको. मग त्यांना एकच करमणूक सापडली. कुठल्या तरी दुबळ्या जगातल्या जिवांना धरून आणायचे आणि त्यांची तडफड पाहत बसायचे. त्यांना स्वतःला कधी काही दुखले नव्हते, म्हणून दुसऱ्याचे दुखणे त्यांना नवलाचे वाटे.

ओरामच्या आईला ते सोसले नाही. तिने आपल्यासारखी शे-दीडशे माणसे जमवली आणि ती दूर निघाली, जिथे कोणी वस्ती केली नाही अशा कडेकडेच्या जगांकडे, आपल्या हाताने जगायला. पहिल्या जगात त्यांनी खूप कष्ट केले. पण हळूहळू एकेक सोय होत गेली, आणि एके दिवशी तिने पाहिले की चार पोरे एका जखमी जनावराभोवती बसून हसत आहेत. तिने त्याच दिवशी कणगी सज्ज केली आणि सगळ्यांना एक व्रत घ्यायला लावले. ज्यात आपला हात लागला नाही, ते घ्यायचे नाही. चुकून घेतले तर रेघ ओढायची. तिसरी रेघ पडली की ते जग सोडायचे. आणि हाती घेतलेले काम अर्धे टाकून जायचे नाही.

या व्रतापायी त्यांनी पाच जगे सोडली होती. कुठे तिथल्या लोकांनी त्यांना देव मानून नैवेद्य आणला, कुठे न पेरता पिकणारी जमीन निघाली. शे-दीडशेचे एकोणीस उरले, कारण त्या प्रवासात पोटातले मूल जगत नसे. इल्वाची दोन गेली होती. आणि आता तिला दुसरा महिना लागला होता.

इथे दोन रेघा पडलेल्या. पाण्याची एक, घराची एक. तिसरी पडली तर इल्वाचे हेही मूल वाटेत जाणार, हे ठकूला आणि साऱ्या गावाला कळून चुकले.

मग गावाची जी तारांबळ उडाली, ती विचारू नका. पाहुण्याला काही द्यायचे नाही, हे आमच्या लोकांना जमणार कसे? हात सवयीने पुढे व्हायचा आणि मग चटका बसल्यासारखा मागे यायचा. शेवटी त्यांनी तोड काढली. भाकरी द्यायची तर आधी दळायला बसवायचे. दूध द्यायचे तर धार काढायला सांगायचे. ओरामच्या भाच्याने पहिल्याच दिवशी बोकडाची धार काढायचा प्रयत्न केला, त्याची खूण त्याच्या कमरेला जन्मभर राहिली म्हणतात. इल्वाने दळलेले पहिले पीठ इतके भरड होते की त्याची भाकरी थापता येईना. ठकूने त्याच्या कण्या शिजवल्या, जेवायला चार घरे बोलावली, आणि सगळे मुकाट्याने जेवले. पुन्हा वाढून घेतले. यालाच मी माया म्हणते.

पौष लागला. तुम्ही पौषात या टेकडीवर कधी आला नाहीत, म्हणून सांगते, इथला वारा हाडात शिरतो. इल्वाला तिसरा महिना चालू होता. तिच्या अंगावर त्यांच्याकडचे एक पातळ वस्त्र, तेही विरलेले. ठकू रोज पहाटे सरपणाला टेकडीवर जायची आणि दाराच्या फटीतून तिला कुडकुडताना पाहायची. गोधडी शिवायला शीक म्हणावे, तर गार पडलेल्या बोटांनी इल्वाला सुई धरवेना.

ठकूचे चुकले ते इथे. तिने पेटी उघडली. नवऱ्याचे धोतर आत होते, तिचे स्वतःचे लग्नातले लुगडे होते, त्याखाली सासूचा एक जुना पदर. ते सगळे फाडून पंधरा दिवसांत तिने गोधडी शिवली. व्रत तिला ठाऊक नव्हते असे नाही. पण आपल्याकडे नव्या कापडाला आहेर म्हणतात, घरातल्या जुनेराला कोणी आहेर म्हणत नाही. जुनेर द्यायला ना हळदकुंकू लागते, ना घेणाऱ्याला परतफेड. चिंध्याच त्या, असे तिने मनाला समजावले. आणि खरे सांगायचे तर तिला ते थंडीने काकडणे बघवत नव्हते. एका पहाटे ती आत शिरली, झोपलेल्या इल्वावर गोधडी घातली आणि आली तशी निघून गेली.

इल्वा जागी झाली ती चांगले उजाडल्यावर. या जगात आल्यापासून पहिल्यांदा तिला ऊब लागली होती. अंगावर काय आहे ते तिने पाहिले आणि ती गोधडी तोंडाशी धरून रडली.

ओरामने तिसरी रेघ ओढली. तो काही दुष्ट नव्हता हो. रेघ ओढायला उचललेला दगड त्याने दोनदा खाली ठेवला, असे सांगतात. पण आईला दिलेला शब्द होता आणि त्या चार पोरांचे हसणे त्याने स्वतः ऐकले होते. त्याने सांगितले की दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत निघायचे.

पाटील गेले, चार वडीलधारे गेले. इल्वाला तरी राहू द्या म्हणाले. ओराम म्हणाला की राहू दे, मी तिला अडवत नाही. पण इल्वाच तयार होईना. माझ्या बाळाला माझी माणसे कोण दाखवणार, असे तिने उलट विचारले. पाटील आणि वडीलधारे टेकडी उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकू टेकडीवर आली.  घडी घालून परत द्यायला ठेवलेली गोधडी तिने उचलली, कणगीसमोर एक सपाट खडक होता त्यावर ती बसली, आणि बाभळीच्या काट्याने टाके उसवू लागली. सारे गाव गोळा झाले. ठकूचा टाका पंचक्रोशीत नावाजलेला, लग्नाच्या मुलींना तिच्याकडे शिकायला पाठवत. तो ती एकेक करून काढत होती. पंधरा दिवसांचे काम होते. ऊन डोक्यावर आले तेव्हा लुगडे वेगळे झाले होते, धोतर वेगळे झाले होते, आणि तिच्या बोटांतून रक्त येत होते.

मग ती उठून ओरामपुढे गेली.

"दादा," ती म्हणाली, "आजवर म्या कुनापुढं हात पसरला न्हाई. आज पसरते. ही गोधडी माझ्या एकटीच्यानं हुईत न्हाई. इल्वाला माझ्या हाताखाली द्या."

ओरामने वाकून त्या चिंध्या पाहिल्या. म्हणाला, "काल ही पुरी होती. मी पाहिली आहे."

"व्हय, हुती. आता न्हाई."

"तुम्ही ती मुद्दाम उसवली."

"मुद्दामच उसवली," ठकू म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

 उसने मीठ न मागणारी ठकू हात पुढे करून उभी आहे, हे पाहून बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ओरामने दोन्ही गोष्टी मनात जोखल्या असतील. तो म्हणाला की एक पहाट ही इल्वाच्या अंगावर होती आणि ती ऊब काही उसवता येणार नाही, तेव्हा तिसरी रेघ पुसत नाही. इथून जायचे ते जायचेच. पण कोणी आम्हाला कामाला हाक मारली आणि काम हाती घेतले, तर ते अर्धे टाकून जायचे नाही, हेही आईनेच सांगितले आहे. गोधडी पुरी होईपर्यंत आम्ही थांबू.

ठकूने सुई इल्वाच्या हातात दिली. इल्वाने घातलेला पहिला टाका वीतभर लांब होता, टोपीवाल्यांच्यासारखा.

आता पुढचे तुमच्या लक्षात आलेच असेल. ती गोधडी पुरी होणार कशी? पण त्यात लबाडी नव्हती, हे नीट ऐका. काम रोज व्हायचे. नुसती पडू दिली असती तर ओरामने ते काम मानले नसते. म्हणून रोज कोणी ना कोणी बसून टाके घालायचे. एक बाजू संपत आली की गावातून नवा तुकडा यायचा. कोणाच्या बारशाचे बाळुते, कोणाचा फाटका फेटा. येणाऱ्या-जाणाऱ्यालाही सुई देऊ लागले, पाण्याच्या आधी, म्हणजे काम चालू आहे हे कोणालाही विचारले तरी खरेच सांगता यावे. तीन कोपरे झाले. चौथ्याजवळ सुई आली की ठकूला काहीतरी आठवायचे. अगं, इथं अजून एक पट्टी लागंल, असे म्हणून ती पेटीकडे वळायची. ओराम दर पुनवेला येऊन गोधडी बघायचा. स्वतः मात्र तिच्यात कधी टाका घालायचा नाही. कोपरा चाचपायचा, हं म्हणायचा आणि परत जायचा.

आषाढात इल्वाला मुलगी झाली. ठकूच्या घरात, त्याच गोधडीवर. रडली, आणि चांगली टेकडीवर ऐकू जाईल अशी रडली. सगळे आभाळकर धावत खाली आले. सुइणीने बाळाची मूठ सोडवून दाखवली. तळहातावर तीन बारीक रेघा होत्या. ओरामने त्या कितीतरी वेळ पाहिल्या. मग आपला तळहात पाहिला आणि पाठीमागे लपवला. मुलीचे नाव ठकूने राही ठेवले.

पाच वर्षे अशीच गेली. राही ओरामच्या खांद्यावर बसून गावभर फिरायची. आभाळकरांच्या भिंती आता पडत नव्हत्या. गोधडी उचलायला तीन गडी लागू लागले.

आणि मग ठकूची नणंद आली. आनशी तिचे नाव. जत्रेला म्हणून दूरच्या सासरहून कितीतरी वर्षांनी माहेरी आली होती, आभाळकर आल्यापासून पहिल्यांदाच. चांगली बाई, पण अति नीटनेटकी. तिच्या हातून काही अर्धे राहायचे नाही. घरात शिरताच शेजारणीने रिवाजाप्रमाणे तिच्या हातात सुई दिली आणि ती जत्रेच्या गडबडीत निघून गेली. ठकू रानात होती, इल्वा ओढ्यावर. आनशी शिवत बसली. चार टाक्यांवर थांबते ती आनशी कसली! एवढी मोठी गोधडी आणि एक कोपरा उघडा ठेवलाय या आळशी बायकांनी, असे म्हणत तिने तो कोपरा आत दुमडला, बारीक टाक्यांनी बंद केला, दोऱ्याला दुहेरी गाठ मारली आणि उरलेला दोरा दाताने तोडला. मग स्वतःच पाणी घेऊन प्यायली आणि पाय पसरून बसली.

ठकू घरी आली. तिने कोपरा पाहिला आणि तिच्या डोक्यावरची पाटी खाली पडली. "काय केलंसा हे, वन्सं," एवढेच म्हणाली. आनशीला वाटले, वहिनीला काम आवडले.

त्या दिवशी पुनव होती. म्हणजे ओराम येणार होता. ठकूच्या मनात काय आले नसेल? काटा तिच्याजवळ होता. पण एकदा साऱ्यांसमोर उसवले होते ते सांगून उसवले होते. चोरून उसवणे तिला जमले नाही. ती उंबऱ्याशी बसून राहिली. इल्वा आली, तिने पाहिले, आणि राहीला पोटाशी धरून तीही शेजारी बसली. तिला पुन्हा दिवस गेले होते, हे अजून तिने कोणाला सांगितलेही नव्हते. बातमी गावभर झाली. जत्रेतले लोक नारळ हातात धरूनच दारात येऊन उभे राहिले.

ओराम आला. आता पुरता वाकला होता. नेहमीप्रमाणे खाली बसला, गोधडीच्या कडेवरून हात फिरवत कोपऱ्यापर्यंत आला, आणि हात तिथे थांबला. त्याने ती दुहेरी गाठ चाचपली. पुन्हा चाचपली. दारातले कोणी पुढे आले नाही. पाच वर्षांची राही तेवढी त्याच्या गुडघ्यावर जाऊन बसली आणि त्याच्या बोटांशी खेळू लागली.

"ठकूबाई," तो म्हणाला, "तुमचा काटा द्या बरं."

ठकूने काटा दिला. ओरामने त्याने ती गाठ सोडवली. मग आनशीचे टाके एकेक करून काढले, वीतभर तरी. म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नव्हते, म्हणून फार वेळ लागला. सारे गाव उभे होते. कोपरा पुन्हा उघडा झाला तेव्हा त्याने मान वर केली.

"एवढ्यात कशी पुरी हुईल?" तो म्हणाला. "माझा टाका ऱ्हायलाय की."

ठकूने सुईत दोरा ओवून ती त्याच्या हातात दिली. ओवताना दोरा तीनदा हुकला म्हणे. ओरामने त्या कोपऱ्यापाशी चार टाके घातले. वाकडे, एक इकडे तर एक तिकडे. सुई बोटाला टोचली तेव्हा ते बोट त्याने राहीला दाखवले आणि तिने फुंकर घातली. चार टाके झाल्यावर त्याने गाठ मारली नाही. सुई तशीच कापडात टोचून ठेवली, आणि म्हणाला, आता पानी द्या. त्या गावात त्याने मागून घेतलेले ते पहिले पाणी. त्यानंतर निघण्याचा विषय त्याने कधी काढला नाही, आणि पुनवेला कोपरा तपासायलाही तो पुन्हा आला नाही. आला तर शिवायला यायचा.

मला ही गोष्ट सांगताना दर वेळी इथेच थांबावे लागते. घोटभर पाणी पिते आणि पुढे सांगते.

कणगीचे पुढे काय झाले? काहीच नाही. ती जिथे होती तिथेच खचली, विरली. टेकडीवर गोल खळगा आहे, तो तिचाच. पावसाळ्यात तिथे पाणी साचते आणि मुले डुंबतात. आभाळकरांची घरे आता सात आहेत, सोयरिकी होऊन सगळ्या गावात मिसळलेली. रंग आपल्यासारखाच झाला. लोक म्हणतात, तळहातावरून अजून ओळखू येतात, रेघा जरा पुसट असतात. खरे-खोटे मी सांगणार नाही. हा माझा हात बघा आणि तुम्हीच ठरवा. हो, मी आभाळकरच. राहीच्या वंशातली. माझ्या आईनेही मला हाच कोपरा दाखवून ही गोष्ट सांगितली होती.

आजही आडमाळात कोणतीही गोधडी एका कोपऱ्यात उघडी ठेवतात. लेक सासरी निघाली की तिच्याबरोबर अशीच गोधडी देतात, आणि तिथल्या बायका शिवायला बसल्या तर ती भांडते. चावडीवरची ही गोधडी तर विरली की नवे कापड लावतात, मूळचे काय उरले असेल कोण जाणे. पण ओरामचे चार टाके जसे वाकडे होते, तसेच वाकडे पुन्हा घालतात. चांगल्या शिवणाऱ्या बायकांना ते जमत नाही. मुद्दाम वाकडे घालायला निराळे कसब लागते. इथे बोट ठेवून पाहा. एक, दोन, हा तिसरा, आणि हा चौथा.

झाले का तुमचे टाके? द्या ती सुई. नाही, गाठ मारू नका. कोपऱ्याशी टोचून ठेवा, दोऱ्यासकट. हे घ्या पाणी, हा गूळ घ्या. आता तुम्ही पाहुणे नाहीत, तुमचाही हात लागला. सावकाश प्या, आम्हाला कुठे जायचे नाही. अजून हा एवढा कोपरा राहिलाय.